घरच्या स्पीकरसाठी परवडणारा पॉवर अँप कोणता घ्यावा? व्होल्टेज रामभरोसे, खोलीत कापूस

कपाशी आणि कॅसेट · ९ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

पुण्याच्या भाच्याने घर बदललं आणि त्याच्याकडची लाकडी बुकशेल्फ स्पीकरची जोडी मला दिली. "मामा, तुमच्याकडे जागा आहे, घेऊन जा." जागा आहे हे खरं, पण सध्या त्या जागेत कापूस आहे. भाव वाढायची वाट पाहत बैठकीच्या अर्ध्या भागात छातीइतका ढीग लावलाय. उरलेल्या अर्ध्यात दिवाण, टीव्ही आणि आता हे दोन बॉक्स.

स्पीकरच्या मागे छापलंय: ८ ओहम, ८६ डीबी, २५ ते १०० वॅट. वूफर पाच इंची. खोली बारा बाय चौदा, वर टिन, तीन भिंती विटांच्या आणि एक जुनी मातीची. गाव दारव्ह्यापासून अर्ध्या तासावर.

ऐकायचं काय? फोनवरची गाणी, टीव्ही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांच्या कॅसेटी. गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमांत बाबांनी स्वतः टेप नेऊन खंजिरी भजनं भरलेली आहेत, साठेक कॅसेटी असतील. डेक चालू आहे, पण त्याचा अँप केव्हाच गेला. लाइन आउट, म्हणजे बाहेरच्या अँपला जोडायची पिन, तेवढी शाबूत आहे.

बजेट आठ हजार, ओढूनताणून दहा. तालुक्याच्या दुकानात एक जोडून बनवलेला अँप दाखवला. समोर निळे लाइट नाचतात, पाटीवर "२००० वॅट पीएमपीओ", किंमत साडेचार हजार. दुकानदार म्हणाला, यापुढे काही नाही. घेऊ का?

---

वऱ्हाडी ठसका · ९ जानेवारी, रात्री १०:४१

भाऊ, इतकं डोकं कायले लावून राहिले? गावातल्या डीजेवाल्याले सांगा, दोन बेस आणून ठेवते. भजनासंगं टिनही नाचते.

---

सोल्डरची धग · ९ जानेवारी, रात्री ११:०५

दोन हजार वॅटवाला घेऊ नका. दुकानात परत जा आणि अँप उचलून पाहा. वजन कुठे असतं? ट्रान्सफॉर्मरमध्ये. मग झाकण उघडायला लावून ट्रान्सफॉर्मरवर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक १२-०-१२, ५ अँपियर असेल. म्हणजे २४ गुणिले ५, १२० व्हीए. त्यातला चाळीसेक टक्के भाग उष्णतेत जातो. दोन्ही चॅनल मिळून सत्तरेक वॅट निघाले तरी नशीब. दोन हजार कुठून येणार, विहिरीतून?

पीएमपीओ हा आकडा कोणत्याही नियमात बसत नाही, जो तो आपल्या मनाने छापतो. अमेरिकेत असल्याच फेकाफेकीला कंटाळून १९७४ साली अँपच्या वॅटसाठी सरकारी नियम करावा लागला होता. तुम्ही एकच विचारा: ८ ओहमवर, दोन्ही चॅनल चालू असताना, सलग किती वॅट? दुकानदार इकडेतिकडे पाहू लागला की घरी या.

मी हिंगणघाटला असतो, पंचवीस वर्षं हेच काम. अँपच्या ४४४० आयसीच्या जमान्यापासून.

---

तारसप्तक · १० जानेवारी, सकाळी ७:३०

धाग्याला शुभेच्छा. एक शब्द आधी नीट करून घेऊ. नुसता "पॉवर अँप" म्हणजे ज्याला आवाज कमीजास्त करायचं बटण नसतं, सोर्स बदलायचा खटका नसतो. फोन सरळ त्याला जोडला आणि फोनचा आवाज पूर्ण असेल तर पहिल्याच सुराला घरातले सगळे उठतील. तुम्हाला हवाय तो इंटिग्रेटेड, म्हणजे प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात.

माझ्याकडे नागपूरला यामाहाचा ए-एस २०१ आहे, ८ ओहमवर १०० अधिक १०० वॅट. नवा तुमच्या बजेटच्या बराच वर जाईल, पण जुना मिळाला तर पाहा. कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने अँपही अधूनमधून विकायला येतात. फक्त जुन्या अँपचे कपॅसिटर फुगलेत का ते वरून बघून घ्यायचं, आणि आवाजाची घुंडी फिरवताना खरखर येते का ते ऐकायचं.

---

वडसा साऊंडवाला · १० जानेवारी, दुपारी १:१५

रात्रभर नाटक होतं जी, आत्ता उठलो. सीझन चालू आहे, झोपेचा पत्ता नाही.

कपाशीभाऊ, अँप विकत घेण्याआधी उसना आणा. गावात भजनी मंडळाचा असेलच की लाउडस्पीकरचा अँप, तोच एक दिवस लावून पाहा. मोनो असतो, हाय-फाय नसतो, पण तुमचे बॉक्स जिवंत आहेत की नाहीत ते कळेल. पोतडीतून काढलेल्या स्पीकरचा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) गेलेला असतो आणि माणूस अँपला शिव्या देत बसतो.

---

कपाशी आणि कॅसेट · ११ जानेवारी, रात्री ९:१२

साऊंडवाले दादा, ऐकलं तुमचं. मंडळाचा अँप आणलाय, १०० वॅटचा. मागच्या पट्टीवर स्क्रूंची रांग आहे: कॉम, ४, ८, १६, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. मंडळात भोंग्यांच्या वायरी १०० व्होल्टला लावतात. मीही तिथेच जोडू का?

---

सोल्डरची धग · ११ जानेवारी, रात्री ९:१४

थांबा!!! हात काढा.

---

सोल्डरची धग · ११ जानेवारी, रात्री ९:२६

हं, आता सविस्तर. तो १०० व्होल्टचा टॅप लांबवर दहा भोंगे टांगण्यासाठी असतो. प्रत्येक भोंग्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून तिथे चालतं. १०० वॅटच्या अँपच्या १०० व्होल्ट टॅपला एकूण १०० ओहमचं ओझं अपेक्षित असतं. तुमचा बॉक्स ८ ओहमचा. अँपच्या दृष्टीने तो जवळजवळ शॉर्टच. आवाज वाढवला की एकतर मंडळाच्या अँपचे ट्रान्झिस्टर जातील नाहीतर भाच्याचा वूफर, आणि मंडळाचा अँप गेला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

एक बॉक्स घ्या. एक वायर कॉमला, दुसरी ८ ला. आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा.

---

कपाशी आणि कॅसेट · ११ जानेवारी, रात्री १०:०३

वाजले! आळीपाळीने दोन्ही लावून पाहिले, दोन्ही चांगले आहेत. मागे एक बारीक घूं आवाज सतत आहे, पण बाबांची कॅसेट लागली आणि घरातले सगळे येऊन बसले. बाबांना कमी ऐकू येतं, ते म्हणे अजून वाढव. आई म्हणाली कमी कर. आमच्या घरी हा सामना चाळीस वर्षं चालू आहे.

---

मास्तर ८८ · १२ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

शाळेतून आलो. थोडं गणित मांडतो, कंटाळा आला तर खाली सरका.

तुमच्या स्पीकरवरचे ८६ डीबी म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. तुम्ही तीन मीटरवर बसता. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, तीन मीटरला साधारण साडेनऊ. खोलीत भिंती थोडं परत देतात, शिवाय स्पीकर दोन आहेत. म्हणजे प्रत्येकी फक्त एक वॅटवर तुमच्या दिवाणावर ऐंशीच्या आसपास डीबी पोचतात. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो.

आता इथून पुढे महागाई सुरू होते. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डीबी वाढतात. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. पन्नास वॅटच्या अँपऐवजी शंभराचा घेतला तर फरक तीनच डीबी. पैसे मात्र तीन डीबीच्या हिशेबाने वाढत नाहीत.

हे झालं कागदावर. तुमच्याकडे उसना अँप आहेच, तर मोजून टाका. एक मल्टिमीटर लागेल.

१. नेहमीचं, चांगल्या दर्जाचं गाणं फोनवरून लावा आणि तुम्हाला लागेल तेवढा सगळ्यात मोठा आवाज करा. घुंडीला खूण करा.
२. गाणं बंद. स्पीकरची वायर काढा. हे विसरू नका, नाहीतर पुढच्या पायरीला वूफर भाजेल.
३. १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टेस्ट टोन फोनवर उतरवून तोच प्लेअर, तीच घुंडी ठेवून वाजवा.
४. अँपच्या कॉम आणि ८ वर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावून आकडा लिहा.

आकड्याचा वर्ग करा, ८ ने भागा. अँपकडून तुम्ही जास्तीत जास्त मागू शकता ते एवढेच वॅट. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, स्वस्त मल्टिमीटर उंच सुरांना खोटं बोलतात.

---

वऱ्हाडी ठसका · १२ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

मास्तर, तुमच्या वर्गातले पोट्टे जिवंत हायेत ना?

---

कपाशी आणि कॅसेट · १४ जानेवारी, रात्री ८:३५

तिळगूळ घ्या मंडळी.

मल्टिमीटर गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्याकडून आणला. तो स्वतःच सोबत आला, म्हणे काय चाललंय पाहू द्या. दोनदा मोजलं. माझ्या आवडीच्या मोठ्या आवाजाला ८.१ व्होल्ट. बाबांच्या आवडीच्या मोठ्या आवाजाला ११ व्होल्ट.

म्हणजे माझे आठ वॅट आणि बाबांचे पंधरा. मी दोनदा गुणाकार केला. पंधराच?

---

मास्तर ८८ · १४ जानेवारी, रात्री ८:५०

पंधराच. तेही एका स्पीकरवर. दोन लावले की प्रत्येकाला आणखी कमी लागतील. वायर काढून मोजल्यामुळे मीटरने थोडं जास्तच दाखवलं असेल, कमी नाही. आणि हे पंधरा फक्त टाळ-खंजिरीच्या थापेच्या क्षणाला लागतात, बाकी वेळ अँप एकदोन वॅटवर लोळत पडलेला असतो.

---

तारसप्तक · १४ जानेवारी, रात्री ९:३०

गणित बरोबर आहे, पण मी हेडरूमचा आग्रह धरेन. अँप काठोकाठ वापरू नये. त्याची मर्यादा संपली की लाटेचा माथा कापला जातो, गोल टेकडीचं सपाट पठार होतं. त्या कापलेल्या लाटेत उंच सुरांचा कचरा वाढतो आणि तो सगळा ट्वीटरच्या वाट्याला जातो. लोकांना वाटतं मोठ्या अँपने स्पीकर जळतात. छोटा अँप कान पिळून वाजवला तरी जळतात. पंधरा लागत असतील तर तीस ते पन्नासचा घ्या.

---

सोल्डरची धग · १४ जानेवारी, रात्री १०:१०

सहमत. आणि तीस-पन्नास वॅट म्हणजे माझ्या गल्लीतलं काम. टीडीए ७२९४ आयसीचे दोन बोर्ड, चांगला ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा. किंवा एलएम ३८८६, आवाजाला अजून गोड. आठ हजारांच्या आत मी बांधून देतो. बिघडला तर आयसी नागपुरात सीताबर्डीला मिळते, अर्ध्या तासात बदलून होते. हे ऑनलाइन येणारे चिनी डबे बिघडले की कोण उघडणार? आतले पार्ट मोहरीएवढे.

---

लिंबोणी · १५ जानेवारी, दुपारी ३:२०

मी अकोट तालुक्यातली. सोल्डरदादांचा अनुभव मोठा आहे, तरी एक प्रश्न सगळ्यांनी वगळलाय. कपाशीभाऊ, तुमच्या घरी संध्याकाळी व्होल्टेज किती असतं?

आमच्याकडे आधी असाच ट्रान्सफॉर्मरवाला अँप होता. दुपारी झकास वाजायचा, संध्याकाळी सात वाजता रडायचा. त्यातले व्होल्ट लाइनच्या व्होल्टेजबरोबर खालीवर होतात. आणि लोडशेडिंगमध्ये आमच्या जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर असा गुरगुरायचा की भजन बंद करून त्याचंच ऐकावं.

शेवटी टीपीए ३११६ चिपचा क्लास डी अँप घेतला, म्हणजे आत खटक्यासारखा झपाट्याने चालू-बंद होणारा. तळहातावर मावतो. ही चिप साडेचार ते सव्वीस व्होल्ट डीसीवर चालते, म्हणून लाइट असताना २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर आणि लाइट गेली की सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. बॅटरीवर ८ ओहमला आठेक वॅटच निघतात, पण तुमचा आकडा पाहिला तर तेवढ्यात तुमचं भागतंय की! २४ व्होल्टला तीस-बत्तीस निघतात.

---

कपाशी आणि कॅसेट · १५ जानेवारी, रात्री ११:४०

ताई, तुमच्या प्रश्नावरून मीटर परत करायचं लांबवलं. संध्याकाळी साडेसातला १६८. रात्री अकराला २३४. रिवायंडिंगवाला म्हणतो पहाटे कधीकधी २६० च्या वर जातं, त्याला त्यावरच धंदा मिळतो.

---

मास्तर ८८ · १६ जानेवारी, सकाळी ६:४५

१६८ ला २३० ने भागा: ०.७३. वॅट वर्गाने घटतात, म्हणून ०.५३. सोल्डरभाऊंचा पन्नास वॅटचा अँप संध्याकाळी सव्वीस-सत्तावीस वॅटचा होतो. तरी तुम्हाला पुरेल. पण उलट बाजू बघा. टीडीए ७२९४ ला दोन्हीकडून ३५ व्होल्ट दिले आणि लाइन २७० झाली, तर ते ४१ होतात. त्या आयसीची कामाची मर्यादा ४० आहे.

---

सोल्डरची धग · १६ जानेवारी, दुपारी १२:३०

मास्तरांनी माझ्याच तराजूत मला तोललं. मान्य. अशा गावासाठी मी दोन्हीकडून २८ चाच ट्रान्सफॉर्मर बांधतो, मग पहाटेही काही होत नाही. पण संध्याकाळचं रडणं आहे, ते खोटं नाही. स्टॅबिलायझर लावला की गेलं, फक्त त्याचे पैसे वेगळे.

लिंबोणीताईंचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट खातो आणि बाहेर २४ च देतो, १६८ असो की २३४, त्याला फरक पडत नाही. ही गोष्ट मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगत नाही, इथे सांगतो.

मात्र अडॅप्टरही अमर नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या वस्तीत वादळाने फांदी पडली आणि न्यूट्रल तुटला. सिंगल फेजच्या घरांत चारशेच्या जवळ व्होल्टेज घुसलं. सकाळी माझ्या टेबलावर सात टीव्ही, चार राउटर, फोनचे चार्जर मोजलेच नाहीत. माझा स्वतःचा बेंचवरचा सप्लायही त्यात. तेव्हापासून मीटरबोर्डापाशी व्होल्टेज प्रोटेक्टर लावलाय, २७० च्या वर गेलं की रिले तोडतो. अँप कोणताही घ्या, हा आधी घ्या. आणि वीज कडाडायला लागली की पिनच काढायची, तिथे कोणतंही यंत्र कामाचं नाही.

---

तारसप्तक · १६ जानेवारी, रात्री ८:००

३११६ ठीक आहे, पण बजेट दहापर्यंत आहे तर टीपीए ३२५५ वाले का नाही? आयिमा ए०७, फोसी व्ही३ वगैरे. ३२ व्होल्टच्या सप्लायवरही ८ ओहमला साठ वॅटच्या घरात जातात.

फक्त एक माहीत असू द्या. या स्वस्त क्लास डी अँपमध्ये शेवटची कॉइल बऱ्याचदा फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या वाटेच्या) बाहेर असते, त्यामुळे अगदी वरच्या सुरांची पातळी स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडी बदलते. ८ ओहमला टोक किंचित चमकतं. पन्नाशीच्या पुढच्या कानांना तो पट्टा तसाही ऐकू येत नाही. माझ्यासकट.

---

लिंबोणी · १६ जानेवारी, रात्री ८:४०

साठ वॅट चांगलेच, पण ते बॅटरीवर चालत नाहीत. त्या चिपला किमान १८ व्होल्ट लागतात. ज्याच्याकडे रोज तीन तास लाइट जाते त्याने हे आधी बघावं.

दोन त्रासही सांगते. एक, अँपशेजारी रेडिओ ठेवला तर मिडियम वेव्हवर सरसर येते, आकाशवाणी ऐकणाऱ्याने रेडिओ दुसऱ्या खोलीत न्यावा. दोन, कापसाची बोंडं घरात असतील तर पंखेवाला अँप मुळीच नको. आमच्या टीव्हीच्या कपाटातल्या पंख्याने एका हंगामात रुईची गादी भरली होती. खोटं नाही, काढली तर वातीला पुरली.

---

वडसा साऊंडवाला · १७ जानेवारी, दुपारी २:००

रुईचं खरं आहे. आमच्या पंखेवाल्या अँपांत धानाच्या गावांत भुसा, कापसाच्या गावांत रुई, आणि सगळ्या गावांत पाल. पाल ऊब शोधत आत जाते आणि ट्रान्झिस्टरच्या दोन पायांच्या मध्ये बसते. बिचारीही जाते, अँपही जातो. डब्याच्या भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा.

उन्हाळ्याचंही बोला कोणीतरी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेर ४६, टिनाखाली त्याहून जास्त. क्लास एबीचा, म्हणजे सोल्डरभाऊ बांधतात तसला अँप तिथे आणखी तापतो. क्लास डी नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लावतो, म्हणून तो तिथे थंड राहतो. तरी अडॅप्टर कपड्याखाली दाबू नका. कपॅसिटर दहा डिग्री जास्त तापला की त्याचं आयुष्य अर्धं होतं, हे आम्हाला पैसे भरून कळलं जी.

---

कपाशी आणि कॅसेट · २५ जानेवारी, रात्री ९:३०

घेतला! ३११६ चाच. साधा, पंखा नसलेला, ब्लूटूथ आहे, मागे डेकसाठी पिना आहेत. २४ व्होल्टच्या अडॅप्टरसकट २,८५० ला पडला. उरलेल्यात व्होल्टेज प्रोटेक्टर आणि डेकचा रबरी पट्टा बदलून घेतला, बाबांच्या कॅसेटी थोड्या हळू चालत होत्या हे पट्टा बदलल्यावर लक्षात आलं. इतकी वर्षं आम्ही सगळेच बुवा जाड आवाजाचे समजत होतो.

आता जोडायचं आहे. जुन्या डेकच्या काळातली वायर भिंतीतून आधीच गेलेली आहे, तीच वापरतो. तीन वायरी आहेत: लाल डावा, पिवळा उजवा आणि काळी दोघांची मिळून.

---

सोल्डरची धग · २५ जानेवारी, रात्री ९:३३

अरे देवा. परत थांबा.

जुन्या डेकमध्ये दोन्ही स्पीकरचं मायनस म्हणजे ग्राउंडच असायचं, म्हणून एका काळ्या वायरीत भागायचं. या चिपमध्ये तसं नाही. हिचे प्लस आणि मायनस दोन्ही जिवंत असतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. म्हणून तर १२ व्होल्टातही एवढा आवाज निघतो. दोन मायनस एकत्र बांधलेत तर डाव्या चॅनलचं आउटपुट उजव्याच्या आउटपुटवर शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसेल, नसेल तर २,८५० चा पेपरवेट.

प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी. हार्डवेअरच्या दुकानातली दीड एमएमची जोडवायर घ्या. पाच मीटरला जाऊन-येऊन ओहमचा आठवा भागही अडवत नाही. सोन्याचं पाणी दिलेली वायर कोणी गळ्यात मारायला लागलं तर लग्नासाठी ठेवा म्हणावं.

---

वऱ्हाडी ठसका · २५ जानेवारी, रात्री ९:४५

सोल्डरभाऊ नसते तं या धाग्यावर आतालोक दोनदा धूर निघाला असता.

---

कपाशी आणि कॅसेट · २७ जानेवारी, रात्री १०:१५

चार वायरी, चार स्क्रू, सगळं दोनदा तपासलं. बाबांना दिवाणावर मधोमध बसवलं आणि गेल्या साली भरलेली नाही, चांगली तीस वर्षांपूर्वीची कॅसेट लावली. खंजिरीची पहिली थाप उजवीकडून आली तर बाबांनी उजवीकडे मान वळवून पाहिलं. मग म्हणाले, "तिकडेच बसले होते ते. मी टेप घेऊन मधात होतो."

टीव्ही जोडला की घूं येते, फक्त टीव्हीलाच. डेक आणि फोन स्वच्छ.

---

मास्तर ८८ · २८ जानेवारी, सकाळी ६:३०

टीव्हीला केबलची किंवा डिशची वायर असेल. ती आधी एकदा काढून बघा. घूं गेली तर दोन वाटांनी अर्थिंग मिळतंय आणि त्यांच्यात करंट फिरतोय. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर तिथून छोटा कन्व्हर्टर लावा, प्रकाश वाहणाऱ्या दोऱ्यातून करंट येत नाही. आणि घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी टाकला ते आठवा. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालत जा.

---

कपाशी आणि कॅसेट · १९ एप्रिल, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. घूं मास्तरांच्या उपायाने गेली होती, डिशचीच वायर निघाली. आता नवीन दुखणं.

गेल्या आठवड्यात कापूस विकला. घरात खाज सुटायला लागली होती, आई म्हणाली आता एक तर तो राहील नाहीतर मी. गाडी भरून गेली, खोली झाडली, रात्री हौसेने कॅसेट लावली तर आवाज ओळखूच येईना. सगळं घुमतंय, टाळ कर्कश, शब्द एकमेकांवर चढतायत. मला वाटलं उन्हाने अँप गेला. अडॅप्टर मोजला, २४.१. वायरी बघितल्या. फोन लावला तरी तेच.

---

वडसा साऊंडवाला · १९ एप्रिल, रात्री १०:२०

अँप चांगला आहे जी. तुमचा कापूस गेला.

तीन महिने तुम्ही ज्या खोलीत ऐकत होता, तिच्या एका भिंतीला छातीइतकी रुई होती. नागपूरच्या स्टुडिओवाल्यांनी पैसे देऊन लावावी अशी. उंच सुर तिच्यात जिरत होते. आता समोरासमोर विटांच्या भिंती, खाली फरशी, वर टिन. आवाज टेबलटेनिस खेळतोय. आमच्याकडे रिकाम्या मंडपात टेस्टिंग केली की असंच वाटतं, माणसं येऊन बसली की ठीक होतं.

---

लिंबोणी · १९ एप्रिल, रात्री १०:४५

घरातल्या सगळ्या वाकळी काढा. एक स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोरीने टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. खाली सतरंजी. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा. एवढं करून पाहा, मग पैसे खर्च करायचं बघू.

---

कपाशी आणि कॅसेट · २१ एप्रिल, रात्री ९:०५

दोन वाकळी टांगल्या, आजीच्या हातच्या. सतरंजी टाकली. कापसाइतकं नाही, पण टाळ परत टाळासारखा वाजतो. टिन एका ठराविक सुराला थरथरतं, तिथे पन्हाळीखाली सायकलची ट्यूब कापून कोंबली.

पाहुणे येतात आणि विचारतात, वाकळ भिंतीवर का वाळत घातली? आई सांगते, गाणं ऐकते ती.

---

वऱ्हाडी ठसका · २१ एप्रिल, रात्री ९:११

ते सारं जाऊ द्या. कापसाले भाव काय भेटला?

---

कपाशी आणि कॅसेट · २१ एप्रिल, रात्री ९:२०

त्याचा वेगळा धागा काढावा लागेल गड्या. तिथं मास्तरांचं गणितही चालणार नाही.